कॅनडातल्या छोट्या गावात राहायला जाताय? नीपवा धरून सगळं सांगते

नोकरी विनिपेगमधे शोधत होतो, मिळाली नीपवात, आता काय करू, असे फोन मला हल्ली बरेच येतात, आणि पुढचा प्रश्न ठरलेलाच, तिथे कोणी मराठी आहे का? मराठी माणूस सापडेलही कदाचित, पण त्याच्या भरवशावर जाऊ नका. मॅनिटोबा प्रांतातल्या छोट्या गावात टिकायचं असेल तर आधी ते गाव कसं बनलं ते समजून घ्या, म्हणजे लोक असे का वागतात, एवढे रिंकवर, म्हणजे बर्फावरच्या खेळाच्या मैदानावर, का पडलेले असतात, चर्चच्या जेवणाला नास्तिक माणूससुद्धा का जातो, हे आपोआप कळत जातं. उदाहरण नीपवाचंच घेते, पण तीनपासून पाचेक हजार वस्तीच्या कुठल्याही प्रेअरी (सपाट गवताळ मैदानातल्या) गावाला यातलं बरंचसं लागू होईल.

पायरी १: सामान बांधायच्या आधी नकाशा बघा

नीपवा विनिपेगच्या वायव्येला, गाडीने साधारण दोन तास. ट्रान्स-कॅनडा हायवेने पोर्टेज ला प्रेअरीच्या पुढे जायचं आणि मग १६ नंबरचा यलोहेड हायवे धरायचा. जवळचं मोठं शहर ब्रँडन, ते तासाभरावर. बसच्या भरवशावर अजिबात राहू नका, ग्रेहाउंड या बस कंपनीने ऑक्टोबर २०१८ मधे पश्चिम कॅनडातल्या गाड्या बंद केल्या आणि त्याची भरपाई छोट्या गावांसाठी काही नीट झालेली नाही. म्हणजे गाडी ही चैन नाही, पहिल्या महिन्याची गरज आहे, ते बजेट आधी बाजूला काढून ठेवा.

आता नकाशा झूम करून बघा. सगळं चौकोन चौकोन दिसेल, आणि ते उगीच नाही. १८७० च्या दशकापासून सरकारने ही सगळी जमीन मोजून कापली, सहा मैल बाय सहा मैलाची एक टाउनशिप, तिच्यात ३६ सेक्शन, प्रत्येक सेक्शन एक मैल बाय एक मैल म्हणजे ६४० एकर, आणि त्याचा पाव भाग म्हणजे १६० एकर. १८७२ च्या डोमिनियन लँड्स अ‍ॅक्टखाली हे १६० एकर दहा डॉलर फी भरून मिळायचे, अट एवढीच की तिथे राहायचं, घर बांधायचं, जमीन फोडायची, आणि हे तीन वर्षं केलं की मालकी. आपल्याकडे गुंठ्यावरून भावाभावांत कोर्टकचेऱ्या होतात, त्यामुळे १६० एकर ऐकून आपला आ वासतो, पण पहिल्या हिवाळ्यातच हात टेकून निघून गेलेलेही खूप होते.

याचा आजचा उपयोग सांगते. गावाबाहेरच्या मातीच्या रस्त्यांना नावं नसतात, नंबर असतात. रोड ८५ नॉर्थ म्हणजे अमेरिकेच्या सीमेपासून साधारण ८५ मैल उत्तरेला, आणि वेस्टचे नंबर विनिपेगच्या जरा पश्चिमेला असलेल्या मूळ मोजणी-रेषेपासून मोजलेले. कोणी शेतावर जेवायला बोलावलं आणि फोनची रेंज गेली तरी नुसत्या नंबरांवरून पोचता येतं. हे एकदा डोक्यात बसलं की हरवणं अवघड आहे, खरंच.

पायरी २: पहिल्या वीकेंडला गावातून पायी फिरा

गाडी लावा आणि चाला. गाव छोटं आहे, अर्ध्या दिवसात होतं.

सुरुवात रेल्वे स्टेशनपासून करा. १९०२ चं जुनं सीएन (कॅनेडियन नॅशनल रेल्वे) स्टेशन आता ब्यूटिफुल प्लेन्स म्युझियम आहे. हे गाव रेल्वेमुळे गाव झालं. त्याआधी इथून कार्लटन ट्रेल जायची, फोर्ट गॅरीपासून (आजचं विनिपेग) पार एडमंटनपर्यंत, मेती (मूळ रहिवासी आणि युरोपियन यांच्या मिश्र वंशाच्या) लोकांच्या लाकडी चाकाच्या गाड्या मालाने भरून त्या वाटेने जायच्या. १८८३ मधे रेल्वे आली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमधे नीपवा रीतसर टाउन झालं. त्या काळात रेल्वे कुठून जाणार यावर गाव जगायचं किंवा मरायचं, रूळ चार मैल बाजूने गेले तर लोक दुकानंच्या दुकानं उचलून तिकडे न्यायचे. मग रुळाच्या कडेने दर आठ-दहा मैलांवर धान्याचे उंच लाकडी एलेवेटर, म्हणजे कोठारं, उभे राहिले, कारण घोडागाडीने गहू घालून त्याच दिवशी घरी परत येता आलं पाहिजे ना. प्रत्येक एलेवेटरभोवती एक गाव. पुढे ट्रक आले, रस्ते झाले, एलेवेटर पाडले आणि त्यातली कित्येक गावं फक्त नकाशावर उरली. पाच जुने एलेवेटर एका रांगेत उभे असलेले बघायचे असतील तर इंग्लिसला जा, तो आता राष्ट्रीय वारसा आहे, उन्हाळ्यातल्या रविवारी मस्त ट्रिप होते.

स्टेशननंतर कोर्टाची इमारत. १८८४ ची आहे, प्रेअरी भागात टिकून राहिलेल्या सगळ्यात जुन्या कोर्ट इमारतींपैकी एक. गाव जेमतेम वर्षाचं असताना लोकांनी एवढी पक्की विटांची इमारत का बांधली असेल विचाराल तर शेजारच्या गावाच्या आधी आपण महत्त्वाचे ठरलो पाहिजे म्हणून. ही चुरस अजून आहे, फक्त आता ती हॉकीत दिसते.

मग रिव्हरसाइड स्मशानभूमी. हो, स्मशानभूमीत फिरायला जा, इथे त्यात काही वावगं नाही, लोक आरामात फिरतात. आडनावं वाचत चला. आधी स्कॉटिश-इंग्लिश नावं, ही मंडळी बहुतेक ऑन्टॅरिओतून आलेली. मग युक्रेनियन, पोलिश. गावाच्या उत्तरेला हंगेरियन लोकांनी १८८५ मधे हन्स व्हॅली नावाची वस्ती केली होती, पुढे तिचं नाव पोलोनिया झालं. रिव्हरसाइडमधेच नीपवाच्या संस्थापकांपैकी एक, डेव्हिडसन, त्यांच्या घराण्याच्या स्मारकावर दगडी देवदूत आहे, आणि मार्गरेट लॉरेन्स या लेखिकेच्या अस्थीही याच स्मशानभूमीत आहेत. त्या १९२६ मधे नीपवात जन्मल्या, त्यांचं विटांचं घर आता म्युझियम आहे, आणि त्यांनी आपल्या कादंबऱ्यांसाठी जे मनवाका नावाचं काल्पनिक गाव उभं केलं त्यात नीपवाची सावली सगळीकडे आहे. गावातल्या वयस्कर माणसाशी बोलायला विषय नसेल तर हा काढा, मतं भरपूर असतात.

एक गोष्ट मात्र पाट्यांवर कमी आणि बाहेर जास्त आहे. ही जमीन रिकामी नव्हती. १८७१ मधे या भागातल्या मूळ रहिवासी अनिशिनाबे आणि क्री लोकांशी करार १ आणि करार २ झाले आणि त्यानंतरच मोजणीची साखळी मोकळेपणाने फिरायला लागली. उत्तरेला तासाभरावर रायडिंग माउंटन नॅशनल पार्क आहे, क्लिअर लेकवर सगळे पोहायला जातात, तुम्हीही जाल, फार सुंदर आहे. पण त्याच तळ्याकाठी कीसीकूवेनिन ओजिब्वे लोकांची मासेमारीची राखीव जागा होती आणि १९३६ मधे त्यांना तिथून हुसकावून त्यांची घरं जाळली गेली, जमीन परत मिळायला अनेक दशकं लागली. ३० सप्टेंबरला लोक नारिंगी शर्ट का घालतात ते मुलांनी विचारलं तर उत्तर देता आलं पाहिजे, मूळ रहिवाशांच्या मुलांना घरापासून तोडून ठेवलेल्या निवासी शाळांची ती आठवण आहे. गावच्या ज्युनियर हॉकी टीमचं नावसुद्धा आधी नेटिव्ह्ज, म्हणजे मूळ रहिवासी, होतं, २०२१ पासून ती टायटन्स झाली. यावर गावात मतभेद होते, त्यामुळे पहिल्याच महिन्यात या वादात तावातावाने पडू नका, पण नीट ऐका.

पायरी ३: कागदपत्रं, हे पटकन सांगते

मॅनिटोबा हेल्थ कार्डचा अर्ज पहिल्याच आठवड्यात टाका. गाडीचं लायसन्स आणि विमा दोन्ही मॅनिटोबा पब्लिक इन्शुरन्सकडे, ही सरकारी कंपनी आहे आणि तिचे एजंट गावातच असतात, भारतातलं लायसन्स ठराविक मुदतीपर्यंतच चालतं म्हणून टाळाटाळ करू नका. बऱ्याच छोट्या गावांत पत्र घरी येत नाही, पोस्टात बॉक्स घ्यावा लागतो, आणि तो घ्याच कारण निम्म्या ओळखी तिथेच होतात. पीआर (कायम रहिवासी) असाल तर सेटलमेंट सर्व्हिसवाले फुकट मदत करतात, वर्क परमिटवर असाल तर काय मिळतं ते विचारून घ्या. को-ऑपची मेंबरशिप थोड्या पैशात होते, पेट्रोलपासून किराण्यापर्यंत जे घेतलं त्याच्या हिशोबाने नफ्याचा वाटा परत येतो. सहकारी सोसायटीच आहे ती, आपल्याला वेगळं शिकवायला नको. आणि गावचं साप्ताहिक, बॅनर अँड प्रेस, पहिल्या दिवसापासून वाचा, त्यातल्या छोट्या जाहिराती तर नक्कीच, पुढच्या पायऱ्यांची माहिती सगळी तिथेच मिळते.

पायरी ४: फॉल सपर चुकवू नका

हा माझा सगळ्यात आवडता भाग, त्यामुळे जरा लांबेल.

सप्टेंबर संपत आला, पीक निघालं की मॅनिटोबाभर फॉल सपर, म्हणजे शरद ऋतूतली सामूहिक जेवणं, सुरू होतात, बहुतेक रविवारी, कधी चर्चच्या तळघरात, कधी गावच्या हॉलमधे. टर्की, स्टफिंग, बटाट्याचा लगदा, ग्रेव्ही, कोबीची पानं गुंडाळून केलेले कॅबेज रोल, पेरोगी म्हणजे उकडलेल्या करंज्या, आणि शेवटी पाय (pie) हे गोड पदार्थ, तेही आठ-दहा प्रकारचे, घरोघरच्या बायकांनी केलेले. तिकीट काढायचं, लाइनमधे थांबायचं, लांब टेबलावर जिथे खुर्ची मिळेल तिथे अनोळखी माणसाशेजारी बसायचं. धर्माचा प्रश्न येत नाही, कोणी तुम्हाला प्रार्थनेला बसवत नाही, हा त्या चर्चचा किंवा हॉलचा वर्षाचा खर्च काढायचा मार्ग आहे. हौशी लोक दर रविवारी वेगळ्या गावात जातात आणि कोणाची ग्रेव्ही यंदा पातळ होती यावर गंभीर चर्चा करतात.

व्हेज असाल तर डोळे मिटून वाढून घेऊ नका. ग्रेव्ही मांसाचीच, स्टफिंगचा भरवसा नाही, कॅबेज रोलमधे कधी नुसता भात असतो कधी खिमा, पेरोगी आतून बटाटा-चीजची असली तरी वरून बेकन टाकलेलं असू शकतं. वाढणाऱ्या आजींना सरळ विचारा, त्या बेकन नसलेल्या ट्रेमधून काढून देतात, कोणाला राग येत नाही.

आणि पुढच्या वर्षी जेवायला नाही, कामाला जा. आयोजकांना फोन करून विचारा, भांडी घासायला माणूस हवाय का. उत्तर कायम हो असतं, कारण हे सगळं चालवणारी मंडळी सत्तरीची झालीत आणि हात कमी पडतात. माझं स्पष्ट मत आहे की दहा वेळा जेवून होत नाही ते एकदा सिंकपाशी उभं राहून होतं. नाव, आडनाव, कुठून आलात, किती मुलं, सगळं एका संध्याकाळी गावाला कळतं, तुम्ही एक शब्द न बोलता.

दुसरी खास मॅनिटोबाची गोष्ट म्हणजे सोशल. कोणाचं लग्न ठरलं की लग्नाआधी हॉल घेऊन पार्टी करतात, तिकीट विकतात, कोणालाही विकतात, अगदी ऑफिसमधल्या ज्याला तुमचं नावही नीट येत नाही त्यालाही. नाच, बार, वस्तूंची सोडत, आणि मध्यरात्रीच्या सुमाराला राय ब्रेड, थंड मांसाचे काप, चीज आणि लोणच्याची काकडी. जमलेले पैसे जोडप्याला. लग्नाचं आमंत्रण नसतानाच आहेर वसूल, असा हिशोब, पण गंमत म्हणजे कोणाला त्यात खटकत नाही. तिकीट विकायला आलं तर घ्या. सोशलचं तिकीट म्हणजे लग्नाचं आमंत्रण नाही, एवढं मात्र लक्षात ठेवा, नाहीतर लग्नाच्या दिवशी साडी नेसून पोचाल.

पायरी ५: रिंक

नोव्हेंबर ते मार्च गाव बर्फाच्या रिंकवर राहतं. नीपवात यलोहेड सेंटर आहे, टायटन्सची मॅच असली की तिकडे जा, हॉकीचे नियम कळले नाहीत तरी चालेल, शेजारचा समजावतो, जरा जास्तच समजावतो. मुलांना हॉकीत घालायचा खर्च मोठा आहे, पॅड, स्केट्स, पहाटेच्या प्रॅक्टिस, दर वीकेंडला दुसऱ्या गावी गाडी, त्यामुळे आधी नुसतं स्केटिंग शिकवा आणि जुनं सामान विकत घ्या.

मोठ्यांसाठी मी कर्लिंग सुचवेन. बर्फावर जड दगड सरकवायचा, पुढे झाडू मारायचा, वयाची अट नाही, नवशिक्यांच्या टीमला नेहमी चौथा माणूस कमी असतो. मॅच झाली की जिंकलेल्यांनी हरलेल्यांना पहिलं ड्रिंक पाजायचं ही पद्धत, कोक मागितलात तरी कोणी काही म्हणत नाही. हरत राहणं स्वस्त पडतं.

मुलांना प्राण्यांची, शेतीची आवड असेल तर ४-एच क्लब बघा. कॅनडातला पहिला क्लब १९१३ मधे मॅनिटोबातच, रोलंडला, सुरू झाला. वासरू वाढवण्यापासून भाषण करण्यापर्यंत सगळं शिकवतात आणि शहरातल्या मुलांना हे मिळत नाही.

पायरी ६: किराणा, आणि गावात आधी आलेले नवे लोक

नीपवाची वस्ती २०११ च्या जनगणनेत ३,६२९ होती, २०१६ मधे ४,६०९ आणि २०२१ मधे ५,६८५. आजूबाजूची गावं आटत असताना हे गाव वाढतंय, कारण २००८ मधे हायलाइफ कंपनीने इथला पोर्कचा कारखाना घेतला आणि कामगार परदेशातून आणले, त्यातले सगळ्यात जास्त फिलिपीन्सचे. आधी वर्क परमिट, मग मॅनिटोबाच्या नॉमिनी प्रोग्रॅममधून पीआर, मग बायको-मुलं. गावात पूर्वी मिठाचाही कारखाना होता, तो १९७० च्या सुमाराला बंद पडला, तर एका कारखान्यावर उभं राहिलेलं गाव काय असतं हे जुन्या लोकांना चांगलं ठाऊक आहे, म्हणून घर विकत घ्यायच्या आधी तुम्हीही तो विचार करा.

आपल्या लोकांची चूक काय होते तर विनिपेगहून दर महिन्याला शंभर किलो सामान आणतात आणि गावातल्या फिलिपिनो दुकानात पाऊल टाकत नाहीत. अहो तिथे मूग मिळतात, नारळाचं दूध मिळतं, कारली मिळतात, फ्रीझरमधे फणस आणि शेवग्याचा पाला, पाकिटावर मलुंगाय लिहिलेलं असतं. भात तर पोत्याने. हिंग, कढीपत्ता, गोडा मसाल्याचं सामान तेवढं विनिपेगहून आणा. मसूर आणि वाटाणा या प्रेअरीतच पिकतो, शेजारच्या सस्कॅचवानमधून मसूर जहाजं भरून भारतात जातो, त्यामुळे डाळीची काळजी करू नका. आणि गावात नवीन म्हणून काय काय अडतं, कोणता घरमालक बरा, कोणत्या शाळेत इंग्रजीची जादा मदत मिळते, हे त्या दुकानात काउंटरपलीकडच्या बाईंना जेवढं माहीत असतं तेवढं कुठल्याही सरकारी पुस्तिकेत नाही.

पायरी ७: पहिला हिवाळा

उणे ३० येतंच, घाबरून उपयोग नाही. गाडी घेतानाच ब्लॉक हीटर आहे ना बघा, पुढून लोंबणारी वायर दिसते, ती रात्री प्लगला लावायची, नाहीतर सकाळी इंजिन ढिम्म हलत नाही. विंटर टायर लावा. गाडीत फावडं, ब्लँकेट, मेणबत्ती, काडेपेटी, जंपर केबल, काहीतरी खायला. हायवेवर निघायच्या आधी मॅनिटोबा ५११ वर रस्ता चालू आहे का बघायचंच. वादळात अडकलात तर गाडी सोडून चालत जाऊ नका, बसून राहा, एक्झॉस्टच्या तोंडाचा बर्फ मधून मधून काढा आणि इंजिन थोडा थोडा वेळ चालवा. समोरून येणारा ट्रकवाला स्टिअरिंगवरचं एक बोट वर करेल, तो नमस्कार आहे, तुम्हीही करा.

शेजाऱ्याने न विचारता तुमचा ड्राइव्हवे साफ केला तर पैसे द्यायला जाऊ नका, त्याला अवघडल्यासारखं होतं. डबा भरून काहीतरी द्या. तिखट बेताचं. चिवडा चालतो, शंकरपाळे तर धावतात.

पायरी ८: गावाच्या कारभारात

११ नोव्हेंबरला, युद्धात गेलेल्या सैनिकांच्या स्मृतिदिनी, अकरा वाजता स्मारकापाशी जा, छातीवर पॉपीचं लाल फूल लावून, ते लीजनवाले (माजी सैनिकांची संघटना) देणगी घेऊन देतात. दोन महायुद्धांत अशा छोट्या गावांतून किती मुलं गेली हे दगडावरची यादी वाचल्याशिवाय कळत नाही, एकेका आडनावाखाली दोन दोन नावं असतात.

टाउन कौन्सिलची मीटिंग सगळ्यांना खुली असते, तुम्ही नागरिक नसलात तरी मागे बसून ऐकू शकता. मत द्यायला मात्र नागरिकत्व लागतं, मॅनिटोबात गावांची निवडणूक दर चार वर्षांनी ऑक्टोबरच्या चौथ्या बुधवारी, पुढची २०२६ मधे. लायब्ररी, म्युझियम, रिंक, थिएटर या सगळ्यांच्या कमिट्यांना नवीन माणसं हवी असतात. नीपवाचं रॉक्सी थिएटर स्वयंसेवकांवरच चालतं, तिकीट फाडायला, पॉपकॉर्न करायला माणूस लागतोच, आणि तिथे काम केलं तर सिनेमा फुकट बघायला मिळतो का ते जाऊन तुम्हीच विचारा.